शर्ट ढिला, कॉलर तंग

१९ नोव्हेंबर, सावली

ही वही ब्रह्मपुरीच्या बस स्टँडसमोरून घेतली त्याला आज सव्वीस दिवस झाले. पहिल्या पानावर नाव घातलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि मग रोज नवं कारण. एक दिवस पेन सापडला नाही. एक दिवस पेन सापडला, तर वहीवर डबा ठेवून देवाजीभाऊ जेवत होते. बाकीचे दिवस, खरं सांगायचं तर, टाळाटाळ. एका जागी बसून लिहायचं म्हटलं की माझे पाय आपोआप हलायला लागतात. आज बसलोय कारण जीप पंक्चर आहे, आणि स्टेपनी काढून पाहिली तर तीही पंक्चर.

लिहायला सांगितलं दिव्यानी मॅडमनी. (तोंडावर मॅडम. वहीत दिव्यानीच लिहीन, वही माझी आहे.) मी एक गोष्ट सांगायला घेतो आणि अर्ध्यात दुसऱ्याच गावाला निघून जातो. ती म्हणाली, "प्रफुल, तू हे लिहून काऊन ठेवत नाई? कागदावर तरी एका वाटेनं जाशीन." बघू.

माझी माहिती: वय चोवीस. बारावी तिसऱ्या खेपेला निघाली. मग पेट्रोल पंप, झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत पडदे ओढणं, तेंदूपान खरेदीच्या फळीवर पानांचे पुडके मोजणं, मोबाइलचं दुकान. कुठेच सहा महिने भरले नाहीत. सध्याचं काम एका संस्थेचं आहे. गावोगाव जायचं आणि लोकांना थायरॉइडचा आजार आहे का ते तपासायचं. दिव्यानी गळा पाहते, रक्त काढते. देवाजीभाऊ जीप चालवतात. मी बर्फाचा डबा उचलतो, नावं लिहितो, आणि सुईला भिणाऱ्यांना "मुंगी चावल्यासारखं होते" असं सांगत गप्पांत गुंतवतो. हे शेवटचं काम मला सगळ्यात चांगलं जमतं. मी स्वतः सुईला किती भितो हे कोणाला माहीत नाही.

आणि मोठी बातमी तर राहिलीच. वनरक्षक भरतीची लेखी निघाली. कशी निघाली ते मलाच कळलं नाही. आता फेब्रुवारीत चंद्रपूरला पाच किलोमीटर पळायचं. तेवढं पळालो की कायमची नोकरी, आणि काम काय, तर जंगलात हिंडणं. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "पळनं तं तुले लहानपनापासूनच येते." बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

२१ नोव्हेंबर

गावात लोक मलाच विचारतात, हे हार्मोन म्हणजे काय जी, आणि मी "रक्तातली एक भानगड" म्हणून सुटका करून घेतो. आज दिव्यानीला जीपमध्ये विचारलं. मला समजलं ते असं.

गावात कोतवाल दवंडी देतो. आवाज सगळ्या घरांत जातो, पण ज्याचं काम असतं तोच दार उघडून बाहेर येतो. हार्मोन म्हणजे ती दवंडी. शरीरात ठिकठिकाणी लहान लहान ग्रंथी बसलेल्या आहेत. त्या रक्तात निरोप सोडतात. रक्त सगळीकडे फिरतं, आणि ज्या अवयवासाठी निरोप असेल तोच हलतो. गळ्यातली थायरॉइड ही त्यातली एक, फुलपाखराच्या आकाराची. तिची दवंडी एकाच गोष्टीची: कामाचा वेग किती ठेवायचा. हृदयाला, आतड्यांना, घामाला, झोपेला, सगळ्यांना तीच सांगते. आणि या कोतवालाच्या वर मेंदूखाली एक पाटील बसलेला आहे. कोतवाल ढिला पडला की पाटील ओरडतो. आपल्या रिपोर्टात टीएसएच म्हणून जो आकडा येतो ते त्या पाटलाचं ओरडणं. आकडा मोठा म्हणजे पाटील ओरडून राहिला आणि कोतवाल झोपून आहे.

कोतवाल-पाटील माझे, बाकी दिव्यानीचं. ती म्हणाली, चालते असं सांगितलं तर.

देवाजीभाऊंना शुगर आहे. ते म्हणाले, "मंग माह्यावालं काय बिघडलं, मॅडम?"

"तुमची दवंडी होते भाऊ. पन घरचे आयकत नाई."

"बरोबर हाय," भाऊ म्हणाले. "माह्या घरी कोनीच आयकत नाई." आणि सिंदेवाहीला उतरून त्यांनी पावभर जिलेबी खाल्ली.

२६ नोव्हेंबर, बोरटोला

धान कापणी जोरात आहे. सगळं गाव बांधावर. आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडून बसलो तर समोर दोन कुत्री आणि एक बकरी. म्हणून मी घरं बघत निघालो.

एका अंगणात भर दुपारी, उन्हात, घोंगडं पांघरून एक बाई बसलेली. मनकर्णाबाई, पन्नाशीच्या. तोंड सुजल्यासारखं, भुवया बाहेरच्या बाजूने गेलेल्या, आवाज जड. एकेक शब्द असा येतो जसा बैल चिखलातून पाय काढतो. सून रिना विळा न्यायला घरी आली होती. मला म्हणाली, "आमची सासू बिमार नाई जी, रानी हाय. चार वर्सं झाले, हातपंपाचं तोंड पाह्यलं नाई तिनं." आणि विळा घेऊन गेली. ती फाटकाबाहेर पोचल्यावर मनकर्णाबाईंचं उत्तर आलं, "जाय... बाई... जाय."

मला हसू आलं, मग त्याची लाज वाटली.

दिव्यानीला बोलावून आणलं. बाईंनी पिशवीतून दवाखान्याचे कागद काढले. थायरॉइड मंद आहे हे सात महिन्यांपूर्वीच सापडलं होतं. गोळी चालू. टीएसएच एकसष्ट, म्हणून गोळी वाढवली. मग सहासष्ट, म्हणून पुन्हा वाढवली. चांगल्या माणसाचा चारच्या आत असतो.

"बाई, गोळी चुकवता का?"

"एक... दिवस... नाई. सकाळी. उपाशीपोटी. पान्यासंगं."

गोळ्यांची डबी दाखवली. बरोबर तेवढ्याच गोळ्या संपलेल्या. दिव्यानीने तरी रक्त घेतलं. तिच्या कपाळावर जी आठी येते ती आज दिवसभर गेली नाही. निघताना मनकर्णाबाई मला म्हणाल्या, "बाबू, आळशी म्हनलं तं चालते मले. पन आतून थंडी वाजते ना... ते कोनाले दिसत नाई."

२७ नोव्हेंबर, बोरटोला

जीप सुरू झाली नाही, त्यामुळे मुक्काम शाळेतच. आजकाल मला झोप येत नाही, चारलाच डोळे टक्क. उजाडायच्या आधी फिरायला निघालो, एका घराच्या छपरावर मोर बसला होता त्याच्यामागे गेलो, मोर उडाला, आणि मी मनकर्णाबाईंच्या अंगणात.

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. कमरेला खोचलेली प्लास्टिकची पन्नी काढली, तळहातावर सुपारी, तंबाखू, वर चुना, अंगठ्याने चांगला घोटून खर्रा गालात ठेवला. मग डबीतून गोळी काढली आणि खर्रा तसाच ठेवून वरून घोटभर पाणी.

मी म्हणालो, "बाई, गोळी उपाशीपोटी ना?"

"उपाशीच... तं हाय. रात्रीपासून काई नाई खाल्लं."

"आणि हा खर्रा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी या मुलखातच नवीन आहे. "खर्रा का पोटात जाते? तो तं गालात राह्यते."

मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरी आजोबा दात घासायच्या आधी खर्रा लावतात, आणि वर सांगतात की चहाच्या आधी मी काही घेत नाही. गंमत म्हणून दिव्यानीला सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"चुना," ती म्हणाली.

आणि लगेच संस्थेचे रिपोर्ट बघणाऱ्या चंद्रपूरच्या डॉक्टर मॅडमना फोन. गालातला चुना थुंकीबरोबर पोटात उतरतो आणि त्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. म्हणजे सात महिने रोज नवा कोतवाल गावाकडे पाठवला आणि रोज तो वेशीवरच अडकला. डॉक्टर मॅडमनी विचारलं हे पकडलं कोणी. दिव्यानीने माझं नाव सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत होती.

मग तडजोड झाली. गोळी पहाटे पाचला, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे चार तास तोंडात चुना नाही. खर्रा कायमचाच सोडा, हेही दिव्यानीने सांगितलं, पण ते ऐकायला बाई तयार नव्हत्या.

"चार तास? मंग मी... मरूनच जाईन ना पोरी."

"गोळी नाई लागली तं लवकर मराल."

शेवटी बाई म्हणाल्या, "नऊची यस्टी गेली का... खाईन." त्यावर सौदा ठरला. गोळीही डॉक्टरांनी पुन्हा पहिल्याइतकी कमी केली, कारण आता ती लागायला लागली आणि जास्त झाली तर उलटा आजार व्हायचा.

५ डिसेंबर, सावली

कडाका पडलाय. सगळे शेकोटीला चिकटून, मी बनियनवर. देवाजीभाऊ म्हणाले, "तुले थंडी काऊन नाई वाजत बे?" मी म्हणालो जवान रक्त आहे. अंघोळ विहिरीच्या गार पाण्याने करतो तरी घाम येतो.

भूक मात्र जबर. खानावळवाल्याने माझ्यासाठी "भात पाहिजे तेवढा" बंद केलं. आणि खाल्लेलं जातं कुठे तेही कळत नाही. बेल्टला खिळा तापवून दोन नवी भोकं पाडली. शर्ट अंगात असा फिरतो जसा बुजगावण्यावर. फक्त कॉलरचं बटण लागत नाही. तो टेलर बेकार आहे, ब्रह्मपुरीला गेलो की त्याला विचारणार आहे, ढिला शिवायचा होता तर पूर्ण ढिला शिव ना.

भाऊंनी माझा रोग ओळखला म्हणे. झोप नाही, हात थरथरतात, छातीत धडधड. "हे प्रेम होय," ते म्हणाले. "मले बी झालतं. लगन झालं का जाते." मी त्यांना गप्प राहा म्हणालो, पण त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. धडधड दिव्यानी जवळ असताना असतेच. ती नसतानाही असते, पण प्रेमात तसं होतच असेल. आणि ती माझ्याकडे बघते. हे मी कल्पनेने लिहीत नाही. डोळ्यांकडे बघते, मग नजर थोडी खाली, गळ्याशी येते, आणि मी पाहिलं की दुसरीकडे वळते.

आज मी तिला विचारलं, तो उलटा आजार म्हणजे काय, ज्याची भीती डॉक्टरांनी घातली. ती म्हणाली, "त्यात कोतवाल थांबतच नाई. सारखी दवंडी. मंग पाटलाले ओरडाची गरजच राह्यत नाई, म्हनून तो..." आणि तेवढ्यात भाऊंनी ब्रेक मारला. समोर रस्त्यावर वाघीण. मागे दोन पिल्लं, कुत्र्याएवढी. पंधरा मिनिटं आम्ही तिघं श्वास रोखून. वाघीण गेल्यावर ती गोष्ट राहूनच गेली.

११ डिसेंबर

तलावाच्या पाळीवर पळण्याचा सराव. पहिला किलोमीटर असा काढला की गुराख्याने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर छातीत मळणी यंत्र चालू झालं. डोळ्यांपुढे पिवळं पिवळं, आणि मांड्यांत जोरच नाही. खाली बसलो तर उठताना बाभळीला धरावं लागलं. बूट जुने आहेत, तळ गेलाय, त्यानेच होत असणार. मग तलावात बदकं उतरली होती, मोजत बसलो. एकशे चाळीसपर्यंत आलो आणि सगळी उडाली.

१९ डिसेंबर, कुरखेड्याकडे

आज फजिती. वस्ती गोंडांची, लोक भले, पण सुई म्हटली की सगळे मोहाच्या झाडामागे. सोमारीबाई तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्या मला म्हणाल्या, "तू म्हनते मुंगी चावल्यासारखं होते. तुले कधी चावली?"

मी म्हणालो, आमचं काम रक्त काढण्याचं, देण्याचं नाही.

"मंग आमचं बी नाई."

तीस माणसं बघत होती. दिव्यानीने खुर्ची पुढे सरकवली. आनंदाने सरकवली असं मला वाटलं. मी बसलो. सोमारीबाईंनी माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "याचा हात तं पिंपळाच्या पानावानी हालते." लोक हसले. दिव्यानी हसली नाही. सुई कधी गेली ते माहीत नाही, मी डोळे मिटून होतो. उघडले तेव्हा आडवा होतो, आणि लोक रांगेत उभे होते. अठ्ठावीस नमुने. एका दिवसातला आमचा सगळ्यात मोठा आकडा, आणि तो माझ्या पडण्यामुळे, हे मी नमूद करून ठेवतो.

३० डिसेंबर

रिपोर्ट आले. माझाही. शून्य पूर्णांक शून्य एक. मनकर्णाबाईंचा त्या दिवशीचा अडुसष्ट आला होता, आणि माझा शून्यावर जेमतेम. पाटील माझ्यावर खूश आहे, तोंडातून शब्द काढत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या परीक्षेत पहिला आलो. बाबांनाही फोन करून सांगितलं की सरकारी मेडिकलमध्ये काही अडचण येणार नाही.

दिव्यानीला दाखवला तर ती म्हणाली, "निवांत बोलू." आनंद झाल्यासारखं वाटलं नाही.

२ जानेवारी

मी पहिला आलेलो नाही.

तिने शाळेच्या पायरीवर बसवून मनगट धरलं. मला वाटलं आता काही बोलेल. ती घड्याळाकडे बघत होती. "एकशे अठरा. आनि तू बसून हायेस." मग गळ्यावर दोन बोटं ठेवून पाणी गिळायला लावलं. मग माझे हात पुढे धरायला सांगून त्यावर कागद ठेवला. कागद फडफडला. वारा नव्हता.

त्या दिवशी वाघिणीने तोडलेलं वाक्य आज पूर्ण झालं. कोतवाल सारखी दवंडी देत सुटला की पाटील गप्प होतो. माझा शून्य म्हणजे ते गप्प होणं. घाम, भूक, उतरलेलं वजन, झोप, धडधड, मांड्या, कॉलर, सगळं एकाच ग्रंथीचं काम. टेलरची मनातल्या मनात माफी मागितली.

"औषध हाय," ती म्हणाली. "रोज घ्याचं. दोन-तीन महिन्यांत फरक पडते. पन तवरिक पळाचं नाई. असं हृदय घेऊन पाच किलोमीटर पळशीन तं मधीच बंद पडन."

"सात फेब्रुवारीला भरती आहे."

"माहीत हाय."

"पुढची कधी निघेल कोणाला माहीत?"

"जिता राह्यला तं दिसन तुले."

चंद्रपूरच्या डॉक्टर मॅडमच्या नावाची चिठ्ठी दिली. मी ती वहीत ठेवली. मला काय वाटतं ते लिहितो, इथे खोटं लिहून फायदा नाही. मला वाटतं ती घाबरवते आहे. वनरक्षक झालो तर दूर सिरोंच्याकडे कुठेतरी टाकतील, आणि तिला मी इथेच हवा असेन. असं असू शकतं.

५ जानेवारी

रात्रभर एक गोष्ट डोक्यात. शांत बसवत नाही, सारखं नवं काहीतरी पाहिजे, या गावाहून त्या गावाला: हा मी, का ती ग्रंथी? गोळी घेतली आणि दुकानात बसलेल्या माणसासारखा दिवसभर एका जागी बसायला लागलो तर? तो कोण असेल? सकाळी दिव्यानीला विचारलं. ती हसली. "तू शाळेतूनबी पळत होतास ना? ते तुझं हाय, ते कोनी घेत नाई. पन शाळेत नाडी एकशे अठरा नव्हती."

पटलं. तरी चिठ्ठी वहीतच आहे. जाऊन आलो आणि डॉक्टरांनी लेखी नाही म्हटलं तर मग पळताच येणार नाही. न जाता निदान पळता तर येतं.

१५ जानेवारी, बोरटोला

मनकर्णाबाईंचं दुसरं रक्त गेल्या आठवड्यात नेलं होतं. रिपोर्ट आठ. अडुसष्टवरून आठ. तो घेऊन घरी गेलो तर खाट रिकामी. आत डोकावून आलो, तिथेही कोणी नाही. मग हातपंपाकडून भांडण ऐकू आलं.

मनकर्णाबाई एका हाताने दांडा हाणत होत्या आणि दुसऱ्याने रिनाला रांग दाखवत होत्या. रिना म्हणाली, "आत्या, तुमी बसा ना घरी." उत्तर त्याच क्षणी, "चार वर्सं बसली, आता तू बस." आजूबाजूच्या बाया हसल्या, रिनाही हसली. तोंडावरची सूज उतरली आहे. आवाज अजून थोडा जड आहे, पण शब्द आता रांगेत उभे राहत नाहीत, धक्काबुक्की करून येतात.

दिव्यानीने रिपोर्ट समजावला, आणि मग दोघी चुलीशी बसून हळू आवाजात काही बोलल्या. दोनदा माझ्याकडे बघितलं. मनकर्णाबाईंनी विचारलं, "गाव कोनतं याचं? घरी कोन कोन हाय?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लग्नाचं बोलणं या वयाच्या बायांशिवाय पुढे सरकत नाही हे खरंच आहे. जीपमध्ये बसलेल्या भाऊंना डोळा मारला.

जाताना मनकर्णाबाई म्हणाल्या, "चंद्रपूरले कुठी उतरशीन, बाबू?" मी सांगितलं, जटपुरा गेटजवळ मित्राची खोली आहे, मिथुनची, दुसऱ्या मजल्यावर.

२८ जानेवारी

दिव्यानीशी बोलणं बंद. मी नाही, तिने बंद केलं. म्हणाली, "अठ्ठावीस लोकायचं रक्त तुझ्यामुळे मिळालं. त्यातल्या तिघायले मी चंद्रपूरले पाठवलं. तिघंही गेले. एक तं नव्वद वर्साचा होता." आणि डबा उचलून गेली. डबा उचलायचं काम माझं आहे.

६ फेब्रुवारी, चंद्रपूर, दुपार

मिथुनच्या खोलीवर. उद्या सकाळी सहाला मैदानावर. येताना पहिल्या मजल्यावर बॅग ठेवून बसलो, मिथुन वरून म्हणाला, "काऊन बे, वनरक्षकसाहेब, जिन्यातच वाघ दिसला का?" मी म्हणालो फोन आला होता.

बाबांनी नवे बूट पाठवले, यस्टीच्या कंडक्टरकडे. पायात घालून पाहिले, बरोबर बसतात. माझ्या पायाचं माप त्यांना माहीत होतं हे मला माहीत नव्हतं. यानंतर उद्या न पळणं कसं जमेल?

पळणार. हळू पळेन. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू, छाती धडधडली तर चालेन, चालून कोणी मरत नाही. असं सकाळपासून चार वेळा ठरवलं, आणि चारही वेळा हात छातीवर गेला. आता बसूनच मोजले. एकशे सव्वीस. डॉक्टर मॅडमचा दवाखाना इथून दहा मिनिटांवर आहे. येताना मी त्यावरून आलो नाही, मागच्या गल्लीने आलो. घाबरलोय, हे कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो. न पळण्याला जास्त घाबरतोय की पळण्याला, तेवढं मात्र कळत नाही. कोणीतरी हात धरून

मिथुन आत्ता वर आला. धापा टाकत दारातून म्हणतो, "बे, कोनी बाई आली खाली, तुझं नाव घेऊन राह्यली." मी विचारलं, दिव्यानी? केस नीट करायला उठलोही. "नाई बे, लुगडंवाली. सावलीच्या यस्टीनं आली, एकटी. मी म्हनलं बसा, त्याले खाली पाठवतो. तं म्हने राहू दे, तो उतरन आनि मागच्या दारानं पळन, मीच चढते. माह्या पुढं निघाली बे जिन्यात, मी कसातरी ओलांडून आलो."

मी म्हणालो, कोण बाई, दोन मजले चढून कोण येईल माझ्यासाठी.

जिन्यातून आवाज येतोय, थोडा जड, पण एका दमात, कुठे न थांबता: "चारचा नंबर लावला हाय डॉक्टरीनबाईकडे, दोघायचा, तुझाबी नि माहाबी. माही परतीची गाडी साडेपाचची हाय. बूट राहू दे, चप्पल घाल."

मनकर्णाबाई आल्या आहेत.